गावच्या मुंबई मंडळांना खुले पत्र : सभामंडप झाला, आता एक माणूस नेमा

राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांतल्या गावोगावच्या मुंबई मंडळांचे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

दादर-परळच्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी तुमची वार्षिक सभा भरते. अहवालवाचन होतं, जमाखर्च मंजूर होतो, गुणवंतांचे सत्कार होतात आणि मग देवळाच्या कामावर दोन तास जातात. कळस झाला, सभामंडप झाला, मार्बल झालं, आता दीपमाळेभोवती पेव्हर ब्लॉक. त्या दोन तासांतला अर्धा तास मागायला हे पत्र लिहिते आहे. मागणी दोन ओळींची आहे. गावात रोज संध्याकाळी मुलांबरोबर बसेल असा एक माणूस मंडळाने मानधनावर नेमावा. आणि दहावीनंतर गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी रत्नागिरीत किंवा चिपळुणात ‘गावची खोली’, म्हणजे एकत्र राहायची जागा, करावी. नवीन बांधकाम काही नको. बांधकामं आपल्याकडे भरपूर झाली.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी करून निवृत्त झाले. तुमच्यातल्या काहींना मी पाढे शिकवलेत, काहींच्या मुलांनाही. तेव्हा मधूनमधून आवाज चढला तर चालवून घ्या.

आधी त्या सत्कारांबद्दल. दहावीच्या निकालात कोकण बोर्ड राज्यात पहिलं, याची आता कुणाला बातमीसुद्धा वाटत नाही. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे बोर्ड, पण मोठमोठ्या बोर्डांना मागे टाकतं. आम्हा शिक्षकांना त्याचा अभिमान आहे, नाही कशाला म्हणू? पण ही पास झालेली मुलं तीन वर्षांनी कुठे असतात, तो निकाल कुठलंच बोर्ड लावत नाही. माझ्या डोळ्यांपुढची सांगते. काही आयटीआयला जातात, दोघी-तिघी नर्सिंगला, एखादा इंजिनिअरिंगला. बाकीचे नालासोपारा-विरारला काकाच्या घरी राहून कुरिअरच्या गोडाऊनमध्ये नाहीतर मॉलच्या दारावर. काही गावातच. फाल्गुन ते वैशाख आंब्याच्या बागेत पेट्या भरायच्या, पावसाळ्यात लावणीचे चार दिवस, आणि उरलेलं वर्ष मोबाइल. त्या मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ आले तेव्हापासून कुणाचे बागेतले पैसे कुठे गेले हे विचारायची सोय राहिलेली नाही.

तुमच्या सत्काराची यादी पंचाहत्तर टक्क्यांपासून सुरू होते. अठ्ठेचाळीस टक्केवाला हॉलच्या मागच्या खुर्चीतसुद्धा नसतो, कारण त्याला बोलावलेलंच नसतं. माणसाची गरज जास्त कुणाला आहे? वह्या, कंपासपेट्या, दप्तरं यांचं वाटप तुम्ही प्रेमाने करता. खरं सांगू, गेली काही वर्षं आमच्या मुलांकडे वह्या जास्त झाल्यात.

कमी काय आहे ते सांगते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ऐंशी हजारांवर घटली होती. त्याआधीची गावं मनीऑर्डरवर चालायची. बाप गिरणीत असायचा, पण आई, काकी, चुलत्याची बायको, शेजारची म्हातारी असं घर भरलेलं असायचं. आता आईही मुंबईत. कुणाची शिवणकामाला, कुणाची घरकामाला. मुंबईत शाळेची फी आणि भाडं झेपत नाही म्हणून मूल गावी आजीकडे. आजीचे गुडघे गेलेले, आणि काजू फोडायला बसली तरच घरात मीठ-मिरची. नववीतला नातू रात्री अकराला कुठून आला हे विचारायचं तिला भय वाटतं. ‘तो बोलतच नाय ओ बाई,’ असं मला तीन घरच्या तीन आज्यांनी सांगितलं आहे.

अशा मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणून काही होत नाही. निवृत्त झाल्यावर मी शाळा व्यवस्थापन समितीला विचारून शाळेचा एक रिकामा वर्ग संध्याकाळपुरता मागून घेतला. पट घटल्यामुळे वर्ग रिकामे आहेतच. सहा ते साडेआठ. पहिली वीस-पंचवीस मिनिटं कुणी पुस्तक उघडत नाही, मीही उघडायला सांगत नाही. भाजलेले शेंगदाणे असतात, मे-जूनमध्ये उकडलेल्या आठळ्या, पावसात कधी कुळथाचं कढण. खाताना मुलं एकमेकांशी बोलतात, मी ऐकते. कुणाच्या घरी रात्री भांडण झालं, कुणाची आई मुंबईहून फोन उचलत नाही, कोणत्या मास्तरांनी वर्गात जात काढली, कोण मुलगी आठ दिवस शाळेत आलेली नाही. यातलं काहीही ‘तुला काय अडचण आहे?’ असं विचारून कळलं नसतं.

मग अभ्यास. त्यातही सगळ्यांना एकच धडा असला प्रकार नाही. एक नववीतला मुलगा होता, अक्षर मोत्यासारखं, वही बघून शिक्षक खूश. तो रेशन दुकानावरची नोटीस वाचायला अडखळला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की याला जोडाक्षरं वाचताच येत नाहीत. सहा वर्षं तो फळ्यावरचं सुंदर उतरवून घेत होता, आणि त्या सुंदर वहीने सगळ्यांना फसवलं होतं. चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, दार लावून, कारण सातवीच्या पोरांसमोर त्याला लाज वाटायची. वर्षभर लागलं. पहिल्या नंबरात वगैरे आला नाही, पण तो दहावी पास झाला आणि आता रत्नागिरीच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचं शिकतो. शाळेत शिक्षक वाईट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब. शाळेला जे जमत नाही ते शाळेबाहेर कुणीतरी करायला हवं, एवढंच.

याला क्लास म्हणू नका. क्लास झाला की मार्कांची चढाओढ आली, फी आली, आणि ज्याला यायला हवं तो पहिल्याच आठवड्यात गळाला. इथे यायला काही लागत नाही. घरी दिवे लवकर बंद होतात म्हणून कुणी येतं, घरी दारू आहे म्हणून कुणी येतं, एक जण केवळ मोबाइल चार्ज करायला यायचा. यावं. दार रोज त्याच वेळी उघडणं आणि आत तोच माणूस असणं, यालाच महत्त्व आहे. आठवड्यातून एकदा मुंबईहून येऊन ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ घेणारे पाहुणे चांगलं बोलतात, मुलं टाळ्या वाजवतात, आणि सोमवारी सगळं होतं तिथे.

हे एकट्या माझ्या अनुभवावरून बोलत नाही. हवाई बेटांतल्या काउआई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी ती मुलं चाळिशीची होईपर्यंत राहिले. तेही समुद्राकाठचंच ठिकाण, मळ्यांवर राबणाऱ्या लोकांचं. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची व्यसनं किंवा आजारपणं अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा पुढे चांगली, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं ते शोधलं, तर अनेकांच्या बाबतीत निदान एक टिकून राहिलेलं मोठं माणूस सापडलं. कुणाची आजी, कुणाचा शिक्षक, कुणाची शेजारीण. आपल्या वाड्यांवर ही माणसं पूर्वी आपोआप मिळायची. आता मिळत नाहीत, म्हणून नेमायला सांगते आहे.

त्या माणसाचं आणखी एक काम असेल, कागदांचं. सरकारी योजना नाहीत असं नाही. ज्या मुलाचे आईवडील किंवा त्यांतला एक वारलेला आहे, किंवा आईबापांपैकी कुणी गंभीर आजारी आहे, त्याला घरातच वाढवण्यासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. महिना २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. मुलाला संस्थेत पाठवणं हा शेवटचा उपाय असावा, असं २०१५ चा बाल न्याय कायदाच सांगतो, आणि ही योजना त्याच विचारातली. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, शाळेचा बोनाफाइड, मुलाच्या नावाचं बँक खातं, आणि मग बाल कल्याण समितीचा आदेश. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. गुडघे गेलेल्या आजीने वाडीतून एसटीने रत्नागिरीला जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि गेल्यावर कळतं की झेरॉक्स एक कमी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत कागदावर ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच तिचे अध्यक्ष. तुमच्या गावच्या सरपंचांना फोन करून विचारा, शेवटची सभा कधी झाली. रागावू नका त्यांच्यावर, फक्त विचारा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कशावर होतो हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. माझ्या माहितीत बराचसा शिलाई मशिनवर जातो.

आणि मनाचं दुखणं. हा विषय मंडळात कुणी काढत नाही. मुलगा गप्प झाला, जेवेना, रात्री झोपेना, की आधी देवाला कौल. कौल लावा, मी देव मानणारी बाई आहे, माझ्याही घरी गाऱ्हाणं घालतात. पण कौल लावून आल्यावर त्याच संध्याकाळी १४४१६ वर फोनही करा. टेलिमानस नावाची ती सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालते. रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ज्या जिल्ह्यात अशा दुखण्यांवर उपचार होतात, तिथल्या माणसांना अजून त्या फाटकातून आत जाताना तोंडावर पदर घ्यावासा वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तिथे एकटं जायला सांगून तो जाणार नाही. बरोबर जाईल असं माणूस लागतं, आणि ते आईबापांपैकी नसलं तर बहुतेक वेळा बरंच.

आता एक अवघड गोष्ट. ही संध्याकाळची बैठक कुठे भरवायची? तुम्ही लगेच म्हणाल, सभामंडप आहे की, पंखे आहेत, लाइट आहे. नको. देवळात भरवलीत तर बौद्धवाडीतली मुलं येणार नाहीत, मोहल्ल्यातली येणार नाहीत, आणि ती का येत नाहीत हे आपण सगळे न बोलता जाणतो. तुमची मंडळंसुद्धा वाडीवार आहेत. कुणबीवाडीचं वेगळं, बौद्धवाडीचं वेगळं, भंडारवाडीचं वेगळं. ती तशी असोत, त्यात मी पडत नाही. पण मुलांची जागा एकच असू दे, आणि ती शाळेत असू दे. शाळेच्या ओट्यावर चढताना कुणाला विचारावं लागत नाही.

अजून काही मुलं आहेत जी कुठल्याच मंडळाच्या यादीत नाहीत. आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेल्या नेपाळी जोडप्यांची मुलं, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची, कोळशाच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर जाणाऱ्या कातकऱ्यांची. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. तुम्ही ज्या बागेचा हापूस मुंबईत मित्रांना वाटता, त्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, राहणारी मुलगी माझ्याकडे येते, मराठी ‘ळ’ म्हणायला शिकते आहे. तिच्या आईबापांचं मंडळ कुठल्या मुंबईत आहे? चिपळूणजवळ कोळकेवाडीला ‘श्रमिक सहयोग’ या संस्थेने कातकरी आणि धनगर मुलांसाठी ‘प्रयोगभूमी’ नावाची शाळा उभी केली, ती मुलं जंगलातून, डोंगरातून जे शिकून येतात तिथून सुरुवात करून. एकदा बघून या. गणपतीला येता तेव्हा एक दिवस काढा.

आता खोलीबद्दल. यावर मी जास्त बोलणार, कारण ही गोष्ट मला तुम्हाला शिकवायची नाही, तुमच्याकडूनच घ्यायची आहे.

तुमचे आजोबा सोळाव्या-सतराव्या वर्षी बोटीने नाहीतर एसटीने मुंबईला उतरले तेव्हा ते कुठे गेले? लालबाग, परळ, डिलाइल रोडच्या चाळीत गावची खोली होती. दहा बाय बारात पंचवीस-तीस माणसं, पाळीवर झोपणारी. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. भाडं वर्गणीतून. जेवण खानावळीत, आणि खानावळवाली कुणाच्या तरी गावची विधवा, जिच्याकडे महिना थकला तरी ताट मिळायचं. खोलीत एक कारभारी असायचा, वयाने मोठा, त्याचा शब्द चालायचा. नवीन पोराला कुठल्या गिरणीत बदली कामगार म्हणून लावायचं, कुणी दारूला लागला तर गावी कळवायचं की आधी दोन शब्द सांगून बघायचे, आजारी पडला तर केईएमला कुणी न्यायचं, हे तो बघायचा. मिशीही न फुटलेला एक अनोळखी पोर त्या शहरात तरला तो या व्यवस्थेमुळे. त्या खोलीत सगळं गोड होतं असं कुणी म्हणू नये. ढेकूण होते, भांडणं होती, आणि कुणाच्या खोलीत कुणाला जागा नव्हती तेही आपल्याला माहीत आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, पुढे चाळींचा पुनर्विकास आला. काही मंडळांकडे ती खोली अजून आहे, काहींच्या खोलीचा ब्लॉक झाला, काहींनी विकून ते पैसे मुदतठेवीत ठेवलेत. ते पैसे माझ्या डोळ्यांपुढे आहेत, लपवत नाही.

आजच्या मुलाची मुंबई आधी रत्नागिरी आहे. अकरावी सायन्स, डिप्लोमा, नर्सिंग, आयटीआय, यातलं काहीही वाडीवरून रोज करता येत नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मुलांना तिसऱ्या हिश्शात मिळतो, सरकारने ते चांगलं केलं. पण पास दाखवायला गाडी लागते. आपल्या गावात रात्री वस्तीला एक एसटी असायची, पहाटे सहाला तीच परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे, आम्ही त्यांना चहा द्यायचो. बऱ्याच गावांची ती वस्तीची गाडी बंद झाली. गाडी बंद झाल्यावर मुलगे मोटरसायकलवर तिघं बसून जातात. मुली घरी राहतात. दहावीला त्र्याऐंशी टक्के मिळवलेली मुलगी ‘यंदा गॅप घेतलाय’ म्हणते, आणि पुढच्या मार्गशीर्षात तिच्या लग्नाची पत्रिका येते. म्हणून मुलींची खोली आधी करा, मुलग्यांची नंतर. मुलग्याला कुणीही ओटीवर झोपू देतं.

सरकारी वसतिगृहं आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पैसे मिळतात, आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही आता वसतिगृहं आणि आधार योजना निघाली. यांचे अर्ज भरायलाही तोच आपला नेमलेला माणूस लागेल. पण पैसे खात्यात आले म्हणून सतरा वर्षांची पोर अनोळखी शहरात राहू शकत नाही. तिला दार, डबा आणि ‘आज उशीर का झाला?’ विचारणारं कुणीतरी लागतं. तुमच्या जुन्या खोलीत हे तिन्ही होतं.

आणि इथे माझी सगळ्यात जड मागणी येते. त्या खोलीतल्या दहा कॉटपैकी दोन कॉट अशा मुलांना द्या, ज्यांना गावच नाही. बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरावं वर्ष पूर्ण झालं की तिथून बाहेर पडावं लागतं. तुमच्या-माझ्या घरातलं अठरा वर्षांचं पोर अजून आईला मोजे शोधायला लावतं. बाल न्याय कायद्याच्या ४६ व्या कलमात अशा मुलांच्या अनुरक्षणाची, म्हणजे पुढे हात धरण्याची, तरतूद आहे. एकवीस वर्षांपर्यंत, विशेष कारण असेल तर तेवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून अशा मुलाला महिना ४००० रुपये देण्याची सोय आहे. नोकरी-शिक्षणात अनाथांना राज्याने २०१८ पासून एक टक्का आरक्षण दिलं आहे. हे सगळं मिळवायला पत्ता लागतो, ओळखीचं माणूस लागतं, चुकलं तर परत येता येईल अशी जागा लागते. चार हजारांत रत्नागिरीत कॉट आणि डबा मिळवून बघा कुणीतरी. मंडळात आवाज उठेल, ‘आपल्या गावचा नाही त्याला का?’ उठू दे. त्याला उत्तर म्हणून एवढंच विचारा, की आपल्या आजोबांना लालबागमध्ये त्या शहराने ‘आपल्या गावचा नाही’ म्हटलं असतं तर?

मी काही जगावेगळं मागत नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत होते तेव्हा त्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला होता, म्हणजे ते तुमच्याच जातकुळीचे. त्याच कर्व्यांना लहानपणी, मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं. पालगडचे साने गुरुजी शिकण्यासाठी औंधापर्यंत भटकले, आणि पुढे अंमळनेरला छात्रालयाच्या मुलांची जबाबदारी त्यांनी आनंदाने घेतली. मंडणगडातल्या आंबडव्याचं मूळ असलेल्या बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि वर्षभरात, १९२५ ला, सोलापुरात वसतिगृह उघडलं. देवरुखात १९५४ साली इंदिराबाई हळब्यांनी मातृमंदिर सुरू केलं आणि त्या सगळ्या परिसराच्या ‘मावशी’ झाल्या. या सगळ्यांच्या जयंत्या आपण करतो.

पैशांचं. संध्याकाळच्या माणसाला महिना आठ हजार मानधन धरा, वर्षाचे शहाण्णव हजार. दोनशे सभासदांचं मंडळ असेल तर माणशी महिना चाळीस रुपये. अंडरआर्म क्रिकेटच्या एका ट्रॉफीच्या स्पर्धेवर तुम्ही काय खर्च करता ते मला विचारायचं नाही. खोलीचा खर्च जास्त, तो तीन-चार गावांच्या मंडळांनी मिळून उचलावा. तुमची मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत, घटनेच्या उद्दिष्टांत ‘शैक्षणिक’ हा शब्द बहुतेक असेलच. एकदा घटना काढून वाचा, कपाटात असेल.

माणूस निवडताना सरपंचांचा भाचा नको आणि मंडळाच्या सचिवांची वहिनीही नको, त्या कामाच्या असल्या तरी. वाडीवरच राहणारी, बारावी किंवा पदवी झालेली एखादी सून असेल तर उत्तम. आमच्या गावांत अशा शिकलेल्या सुना चुलीपाशी बसून आहेत. पोलीस पडताळणी करा, ओळख कितीही जुनी असो. दार उघडं, बैठकीला दोन मोठी माणसं, अंधार पडल्यावर मुलींना घरापर्यंत सोबत, हे लेखी ठरवा. मुलांच्या बाबतीत ‘आपलाच आहे तो’ या भरवशावर आजवर बरंच वाईट झाकलं गेलं आहे. आणि उत्साहाच्या भरात स्वतःचं ‘अनाथालय’ काढू नका. काळजीची गरज असलेली लहान मुलं नोंदणी न करता संस्थेत ठेवणं हा गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद, निदान लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आपली खोली अठरा पुरे केलेल्यांसाठी आणि पालकांच्या संमतीने शिकायला आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी. सुरू करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नियम विचारून या.

‘हे सरकारचं काम आहे’ असं म्हणणारे असतील. आहेच. साकव बांधणं, शाळेची गळकी कौलं शाकारणं, नळाचं पाणी, हीसुद्धा सरकारचीच कामं होती, आणि ती होईपर्यंत तुम्ही वर्गण्या काढून बसला नाहीत का? सरकारशी भांडायला मी तुमच्याबरोबर येईन, निवेदनं मला चांगली लिहिता येतात.

एक शेवटचं, सचिवांसाठी. हा विषय सभेच्या छापील विषयपत्रिकेत घ्या, सत्कारांच्या लगेच नंतर आणि देवळाच्या आधी. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात टाकू नका. तिथपर्यंत पोचता पोचता जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. राजापूर, जि. रत्नागिरी